पाय उचलू नका

शनिवारी पहाटे पाचला, उम्म अल क्वैनच्या खाडीवर
सुजितच्या पिकअपमधून अकरा फळ्या उतरतात,
गुंडाळलेल्या सतरंज्यांसारख्या.
एक जण पंप दाबतो,
दुसरा काट्याकडे बघत म्हणत राहतो,
अजून, अजून, अजून.

मी मलकापूरची.
आमच्याकडे पाणी टँकरच्या नळीतून यायचं,
ते भरायचं असायचं, बघायचं नव्हे.
त्याच्यावर मी त्रेपन्नाव्या वर्षी उभी राहते
हे फोनवर घरी अजून बोललेले नाही.

आधी गुडघे.
गुडघ्यांवर सगळ्यांना जमतं.
मग एक पाऊल, मग दुसरं.
"पाण्यात बघू नको, जायचंय तिकडे बघ,"
मेरिलू सांगते. ती इस्पितळात
ऑपरेशन झालेल्यांना पहिल्यांदा चालवते,
तेव्हा तिचं ऐकावं.
चार शनिवार पडले.
पाणी असं खारट, की लोणच्याच्या बरणीतून
फोड बाहेर यावी तशी मी वर यायची
आणि सगळे वल्ही आपटून टाळ्या द्यायचे.
पाचव्या शनिवारी उभी राहिले.
फळी शांत होती,
थरथरत होत्या त्या माझ्या पोटऱ्या.

कारखान्यात बाराशे माणसांचे पगार मी काढते.
कुणाचे किती कापले, कुणाची रजा बिनपगारी,
सगळं तोंडपाठ.
इथं हैथमचा पगार मला माहीत नाही,
शम्माला तर पगार असतो की नाही तेही नाही.
इतकंच माहीत, की हैथम सगळ्यांच्या मागे राहतो,
शेपटाला कुणी सुटू नये म्हणून,
आणि बोलत नाही.

त्या दिवशीची चूक माझी.
तिवरांच्या पलीकडे रोहित पक्षी उतरले होते,
मला जवळून हवे होते. अजून थोडं, अजून थोडं.
अकरा जण माझ्या हौसेपायी वळले.
पक्षी उडाले ते उडालेच,
आणि परतताना फळीखालचं पातं
वाळूत खरवडलं,
तव्यावर उलथनं घासावं तसं.

ओहोटी.
शम्मानं वल्हं उभं धरून बघितलं,
वीतभर पाणी.
तिच्या पणज्यानं याच समुद्रात मोत्यांसाठी बुड्या मारल्या,
ती हसून म्हणाली, "उतरा. आता चालायचं.
पण पाय उचलू नका.
वाळूत पाकट झोपलेली असते.
पाऊल टाकलंत तर तिच्या पाठीवर पडेल.
घासत चला. तिला कळू द्या कुणी येतंय,
ती आपणहून बाजूला होईल."

पाच महिने उभं राहायला शिकले,
आणि आता हे.
डोक्यावर फळ्या, पायांत गाळ,
अकरा जणांची घसट घसट रांग.
सुजित दर थोड्या वेळानं मल्याळममध्ये मोजायचा,
अकरा भरले की पुढे.
ऊन वर आलं. पाण्याच्या बाटल्या संपल्या.
तेव्हा मागून हैथमचा आवाज आला,
"मी नऊ वर्षं या देशात असाच चालतोय."

आम्ही खदखदून हसलो.
शम्मा हसली, जरा उशिरा.
मग ती रांग सोडून मागे गेली,
हैथमच्या फळीचं दुसरं टोक धरलं,
आणि दोघं तशीच, काही न बोलता,
पाय घासत.

किनारा दिसायला लागला तेव्हा
माझ्या अंगठ्यापुढं वाळू हलली.
कुणीतरी तळावर अंथरलेला रुमाल
एका कोपऱ्यानं उचलावा,
तशी ती उठली, तपकिरी, चपटी,
आणि घाई न करता निघून गेली.
मी ओरडले नाही. म्हटलं, जा बाई.

रात्री भावाचा फोन.
सुट्टीचं काय करतेस गं तिकडे?
"चालायला जाते," म्हटलं.
त्या दिवसापुरतं
ते खरंच होतं.