मळे एष्टु

सीमास्तंभ क्रमांक एकतीस.
पूर्वेच्या अंगाला चुना मी लावते.
पश्चिमेला लावतो पंदेरे, शृंगारपूरकडून घाट चढून.
त्याच्या बादलीत निळीची चिमूट जरा जास्त पडते,
म्हणून आमचा दगड शिराळ्याकडून पांढरा
आणि कोकणातून बघाल तर आभाळाच्या जवळचा.

माघात जाळरेषा काढायची.
गवत कापायचं, ओळीनं पेटवायचं,
राख निवेस्तोवर फांदी घेऊन उभं राहायचं.
माझी रेषा नकाशापर्यंत. त्याची रेषा नकाशापर्यंत.
मध्ये कड्याच्या धारेवर
बारा पावलं रुंद गवत उरायचं,
कुणाच्याच हजेरीपटात न मावणारं.

गेल्या साली वणवा त्यातून गेला.
धावला नाही. चालत गेला,
वाट ठाऊक असलेल्या माणसासारखा,
ना माझ्या हद्दीत, ना त्याच्या,
आणि मनाला आलं तिथं खाली उतरला.
सकाळी करवंदीच्या जाळीत घोरपड दिसली.
दगड वाटला. बोटानं ढकलली तर केवढी हलकी.

चौकश्या दोन झाल्या.
दोन्हींत एकच वाक्य: आग पलीकडून आली.

यंदा पंदेरे म्हणाला, "मॅडम, सहा पावलं तुमची, सहा आमची?"
मी म्हटलं, "पावलं कुणाची धरायची? तुम्ही ढांगा टाकता."
मग बाराही मिळून कापली.
त्याची दोन माणसं माझ्या पटावर चढली नाहीत,
माझ्या डब्यात जेवली. ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी.
खालच्या कार्यालयात विचाराल
तर ते गवत अजून उभं आहे.

श्रावणात पंदेरे म्हणजे धुक्यातला फक्त आवाज,
वायरलेसवर, खरखरत:
"तुमच्या बाजूचा डोंगर बोलतोय का?"
बोलणं म्हणजे आत मुळं तुटणं.
उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसं.
मी ऐकते. हो म्हणते, किंवा अजून नाही म्हणते,
आणि त्याच्या पायथ्याची वाडी
अंथरुणं गुंडाळते, किंवा कूस बदलते.

पर्जन्यमापकाचं पात्र रात्रीतून दोनदा रिकामं करावं लागतं.
अशाच एका पहाटे अनोळखी नंबर.
घाईतला माणूस, मागं पाण्याची की यंत्राची घरघर.
"अक्का, मळे एष्टु? मळे एष्टु?"

मी म्हटलं, मळे कसले बाबा, इथं गवे आहेत.
मळे तिकडं खाली, वारणाकाठी, कृष्णाकाठी.
माझ्या बहिणीचा हरिपूरला, संगमाच्या अलीकडं,
हळद उभी आहे त्यात.

तो थांबला. मग कुणीतरी मराठी येणारा फोनवर आला.
त्यांच्यात मळे म्हणजे पाऊस.

ईरण्णा बडिगेर. पार खालच्या एका धरणाच्या दारांवर,
रात्रपाळीला. माझा नंबर कुणी दिला, सांगत नाही.
रीतीनं जायचं तर माझा आकडा
कराडला, पुण्याला, मुंबईला,
मग त्यांच्या राजधानीला, तिथून जिल्ह्याला,
मग जेवणाची सुट्टी, मग तो.
पाणी एवढं हिंडत नाही.

आता मी शिकलेय. टॉर्चच्या उजेडात मोजपात्र डोळ्यासमोर धरते
आणि म्हणते, "नानूरा हन्नेरडु."
चारशे बारा.
तो "हूं" म्हणतो.
त्या हूंमध्ये किती दारं उचलली जातात
मला माहीत नाही. विचारण्याइतका माझा हुद्दा नाही.
कधी काहीच उचललं जात नसेल.
कधी तोही माझ्यासारखा कुणाच्या तरी सहीची वाट बघत
रेलिंगला टेकून उभा असेल.

उजाडल्यावर बहिणीला फोन लावते.
"मळे एष्टु?" मी विचारते.
ती हसत नाही आता. दारात उभी राहते,
पाण्याबाहेर राहिलेल्या हळदीच्या सऱ्या मोजते.
मला तिचा श्वास ऐकू येतो, आणि मागं कोंबड्या, बहुधा माडीवर.

"नऊ," ती म्हणते.
"काल अकरा होत्या."