खलास

फार्मसीतली इंतिसार सुदानची.
कार्ड यंत्रात घालते, थांबते,
पडद्याकडे बघतच हळू म्हणते, "खलास."
म्हणजे औषधांची वर्षाची मर्यादा संपली.
वर्ष संपलेलं नाही. ऑगस्ट आहे.
विम्याचं नवं वर्ष नोव्हेंबरात उजाडतं.

सोहारमध्ये पेट्रोल संपलं की खलास.
शिफ्ट सुटली, खलास. भांडण मिटलं, तेही खलास.
आमच्या खेडकडे मात्र हा शब्द
माणसांसाठी राखून ठेवलेला.
दुकानाबाहेर उन्हात उभा राहून
मी थोडा वेळ दोन्ही अर्थ चघळले.

पाच पेनांची पेटी साडेएकोणीस रियाल.
पगार एकशे सत्तर,
त्यातले सव्वाशे घरी जातात, न चुकता.
विमा आहे हो, नाही कोण म्हणतं?
कार्डावर माझा फोटोसुद्धा आहे,
गाल भरलेले.

परांच्यांच्या यार्डात मी स्टोअरकीपर.
पाइप, क्लॅम्प, बेसप्लेट. आवक, जावक, शिल्लक.
एक क्लॅम्प कमी भरला तर मला झोप नाही.
ही विद्या अंगात होतीच.
अठरा युनिटांची सोळा केली,
सोळाची तेरा.
एक सुई चार दिवस, मग पाच.
कमी टोचायचं त्या दिवशी भात नाही.
मेसचा कुन्हाली विचारतो, "उपास काय?"
मी म्हणतो, हो.
कुठल्या देवाचा ते त्यानं विचारलं नाही.

जुलैत एकदा रात्री वीज गेली होती.
खोलीतले सगळे गच्चीवर गेले,
मी अंधारात फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसलो,
कुणी पाण्यासाठी उघडू नये म्हणून.
आत कणाद माशाच्या पिशवीशेजारी
माझी तीन पेनं.
पहाटे कंप्रेसर गुरगुरला
तेव्हा दाराचा गारवा पाठीला लागला,
आणि मला, का कोण जाणे, रडू आलं.

सुगंधा व्हिडिओवर म्हणते, "बारीक झालात."
"चालतो रोज," मी सांगतो.
खोटं नाही. बसचे तीनशे बैसा वाचतात.

सप्टेंबरात पाइप मोजता मोजता
एकशे बारानंतर काय येतं ते आठवेना.
तोंडाला सडक्या फळाचा वास, मग उलटी,
मग फोरमनचे बूट अगदी डोळ्यांजवळ.

आणि विमा धावत आला!
रुग्णवाहिका मंजूर, आयसीयू मंजूर,
तीन रात्री, पांढरी चादर, मंजूर.
खांबावरच्या यंत्रातून इन्शुलिन
थेंब थेंब येत होतं,
आणि ते मी मोजत नव्हतो.
इतकी शांत झोप मला परदेशात कधी लागली नव्हती.

निघताना काउंटरवर बिल दिसलं, फक्त सहीसाठी.
स्टोअरकीपर माणूस, भागाकार आपोआप झाला:
सहा वर्षांची पेनं.
चिठ्ठीवर डॉक्टरनं लिहिलं होतं,
अठरा युनिट, चुकवू नये.
"चुकवू नये"खाली दोन रेघा.

फय्याज सुट्टीवरून आला दापोलीहून.
त्याच्या हातसामानात थर्मास,
त्यात गार फडक्यात गुंडाळलेली दहा पेनं,
वर डॉक्टरचं पत्र, औषधाची पावती,
आणि सुगंधाच्या अक्षरात एकच ओळ:
आता चालू नका, बसनं जा.
तिला कुणी सांगितलं?
कुन्हाली भात वाढत होता, मान वर न करता.
बांगडी कुठली विकली हे मीही विचारलेलं नाही.

काल गेटवरच्या म्हाताऱ्या हमूदनं
घरच्या बागेतले खजूर आणले,
मधासारखे, उन्हात अर्धे पारदर्शक.
मी हात मागे घेतला.
मग नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून जात विचारली.
"खलास," तो म्हणाला. "सगळ्यात गोड."

मी हसायला लागलो.
तोही हसला, का ते न कळता.
एक उचलला.
संध्याकाळी टोचताना पेनाची चकती
आणखी एक खटका फिरवली,
आणि वहीत, पाइपांच्या पानावरच,
जावक लिहिली: एक.
बी अजून खिशात आहे.