अर्धा ग्लास

तिसऱ्या रात्री दसरू मडावी
चादरीवरून धान वेचू लागला.
"सांडलं ना जी सिस्टरबाई, समदं सांडलं."
सरकारी हिरवी चादर, दाणा एक नाही.
मी किडनी ट्रे पुढे धरला,
म्हटलं, यात टाका.

पहाटेपर्यंत टाकत राहिला.
त्याची रैवंता दाराशी उकिडवी,
खर्र्याची पुडी पदराच्या गाठीत लपवत म्हणाली,
"वाचतीन का जी?"
मी नाडी मोजत होते. आकडा चुकला.
पुन्हा पहिल्यापासून मोजली.

सकाळी चहा. अर्धाच ग्लास देते मी,
म्हणजे हात कापले तरी सांडत नाही,
माणूस ओशाळत नाही.
मग रोज बोटभर वाढवायचा.
नवव्या दिवशी काठोकाठ भरलेला पिऊन
तो नागभीडच्या बसनं गेला.

पोळ्यानंतर परत आला.
आधी वास, मग तो.
भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
"काही बोला तरी जी."

मी रजिस्टरात नाव लिहिलं.
वजन घेतलं, चार किलो कमी.
खिडकीतून चहावाल्या पोराला हाक दिली:
अकरा नंबरला एक.
अर्धा.