रविवारी रात्री आठपर्यंत

ओट्यावरचा वजनकाटा मी जमिनीवर आणलाय.
त्यानं आजवर मैदा पाहिला, लोणी पाहिलं,
एकदा एक जखमी कबूतरही.
आता मोजतोय झोपायची पिशवी: नऊशे ऐंशी.
गॅसची टाकी. पातेलं. झाकण.
झाकण लागतं का खरंच?
परत ठेवलं. पाच मिनिटांनी परत घेतलं.

टूथब्रश पावाच्या सुरीनं अर्धा केला.
दिवसभर मी लोकांचे दात साफ करते,
त्यांना बजावते, दांडा नीट धरा,
आणि घरी येऊन चार ग्रॅमसाठी
दांडाच उडवते.

तंबू जुना, आर्ब्रोथच्या एका माणसाकडून घेतलेला.
"एकदाच वापरलाय," म्हणाला होता.
शिवणीत एक चिलट वाळून बसलंय,
पोटात अजून त्याचं रक्त घेऊन.
एवढीच आमची ओळख.

उभा करून पाहायला हवा.
खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात,
पण इथे खुंटा ठोकायला माती कुठे?
डंडीतला तिसरा मजला, लाकडी जमीन,
खाली मिसेस ऑखटरलोनींचं छत.
म्हणून एक दोरी रेडिएटरला,
एक टेबलाच्या पायाला,
एक दाराच्या मुठीला (आता दार उघडायचं नाही),
आणि चौथी शिलाई मशीनला.

आत शिरले. हिरवा उजेड.
दिवाणखाना कुठेतरी लांब गेला,
फ्रिज नदीसारखा वाहू लागला.
मी पाय ताणले
आणि शिलाई मशीन खाली आलं.

खालून झाडूचा दांडा:
ठक ठक ठक.
अकरा वर्षं आम्ही दोघी याच भाषेत बोलतोय.

रात्री चिठ्ठी लिहायला बसले.
शुक्रवार, ब्लेअर अथॉल स्टेशन.
तिथून टिल्टच्या काठानं वर.
पहिला मुक्काम झुलत्या पुलाच्या अलीकडे,
दुसरा पाणी सांगेल तिथे.
तंबू हिरवा. जाकीट नारिंगी.
रविवारी रात्री आठपर्यंत मी परतले नाही, तर

तर.
पेन तिथेच थांबलं.
ही चिठ्ठी द्यायची कुणाला?
ग्रिझेल ऑस्ट्रेलियात; आपले आठ वाजतात
तेव्हा ती झोपेत असते.
दवाखान्यातला इनिस स्वतःचा डबाही बसमध्ये विसरतो.
आणि ज्याला अजून माझा रक्तगट पाठ आहे
त्याचा नंबर मी मागच्या वर्षी पुसला.
सगळ्या सामानाची यादी केली होती मी,
दोनदा तपासली होती.
हे कुठल्याच यादीत नव्हतं.

मोज्यांवरच खाली उतरले.
दार उघडलं. हातात झाडू, तयारच.
मी चिठ्ठी पुढे केली.
त्यांनी चष्मा शोधला, तो केसांतच होता,
दाराला टेकून सगळं वाचलं,
नदीच्या नावावर बोट ठेवून.
"आठ म्हणजे आठ? की साडेआठ?"
"आठ."
"मग मी सातपासून बसते."

मी म्हटलं, पोचल्यावर फोन करीन.
"फोन नको. मला फोन धड ऐकू येत नाही.
तुझे पाय ऐकू येतात.
आलीस की वर चाल.
टाचा आपट. नेहमी आपटतेस तशाच."
आणि आत जाऊन लोकरीची टोपी घेऊन आल्या,
पिवळी, भयंकर,
शेंड्याला एवढा मोठा गोंडा.
एकशे दहा ग्रॅम.
बसत नव्हती पिशवीत. झाकण काढलं शेवटी.

झोपण्याआधी बूट घालून पाहिले,
खिडकीपासून दारापर्यंत,
दारापासून खिडकीपर्यंत, टाचा आपटत.
थांबले.
खाली बराच वेळ काही नाही.
मग ठक.
एकदाच.

शिट्टी राहिली होती. ती घेतली.
नऊ ग्रॅम.