लाभ, दोन, तीन, चार

या आठवड्यात तीन नवी आलीत.
‘तेरावी गल्ली’चं एक, दीड मिनिटाचं,
त्यात महापालिकेला अकरा शिव्या. मी मोजल्या.
मोजायची सवयच; तीस वर्षं अडत दुकानात दिवाणजी आहे.
‘उलटा नांगर’चं दुसरं. ते नाही आवडलं.
पोरं चांगली, पण पुण्याला जाऊन रेकॉर्डिंग केलं
आणि आवाज दाढी करून आल्यासारखा झालाय.

तिसरं ‘कडता’चं.
कडता म्हणजे वजनातून जो उगाच कापतात तो.
हे नाव पोरांनी ठेवलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मागच्या दिवाळीपासून दर रविवारी
मार्केट यार्डातल्या गोदामाची किल्ली
माझ्या खिशातून तौफिक शिकलगारच्या खिशात जायची.
शेटना माहीत नाही. आता कळलं तर कळू दे.
रव्यांची थप्पी छतापर्यंत, मध्ये खाटेएवढी जागा,
तिथं ड्रम, दोन अँप, तौफिकची गिटार
आणि मुंगळे.
गूळ आवाज खातो. मला कुठं ठाऊक होतं?
भिंतीवरून परत यायच्या आत
ठोका गुळातच रुतून बसतो.
म्हणून पहिली तीन गाणी अशी लागतात
की कुणीतरी बरगड्यांना आतून टेकून वाजवतंय.

मग सौदे होत गेले, माल गुजरातला गेला.
चौथ्या गाण्यात ऐका, गोदाम रिकामं व्हायला लागलंय.
झांजेला शेपूट फुटलंय.
पाचव्यात तर एक रवा शिल्लक नाही,
दिग्विजय ओरडतो आणि त्याचाच आवाज
पत्र्यावरून उतरून त्याला जाब विचारतो.
असं ठरवून करता येत नाही, भावा.
हंगाम लागतो.

प्रत्येक गाण्याआधी वैजू मोजते.
एक म्हणत नाही.
लाभ, दोन, तीन, चार.
तिचा बाप मल्हारी चौगुले असंच मोजतो,
पाठीवर रवा, ओठांवर आकडा;
यार्डात पहिला आकडा कधीच एक नसतो.
मी जन्मभर ऐकत आलो.
पण काठीवर काठी आपटत ती लाभ म्हणते
तेव्हा हसू येतं, आणि मग येत नाही.
कुणाचा लाभ, ते ती विचारत नाही. थेट वाजवते.

चौथ्या गाण्याचं नाव ‘दिवाणजी’.

रात्री दुकानात बसून ऐकलं,
मोबाईल तांब्यात ठेवून
(तांब्यात बास वाढतो, हे बायकोचं संशोधन).
शंभराला दोन, शंभराला दोन,
पेन असताना सुरी कशाला, शंभराला दोन.
कान गरम झाले.
किल्ली मी दिली. चहा मी पाजला. सव्वीस रविवार.
आणि पोरगी मला अडीच मिनिटं बडवते!

दुसऱ्यांदा ऐकलं.
हिशेब बरोबर आहे.
तिसऱ्यांदा डावा पाय हलायला लागला,
मला न विचारता.
मधे दोन मिनिटं दहा सेकंदांवर वैजूचा ठोका चुकतो,
तौफिक तिच्यासाठी थांबतो, दोघं परत एकत्र पडतात.
ती जागा मी सात वेळा ऐकली.
चूक पुसली नाही, पोरांनी बरं केलं.
आमच्या वहीत खाडाखोड चालत नाही.

आज नव्या हंगामाचा पहिला सौदा.
काट्याजवळ मल्हारीनं विचारलं,
“ऐकलं का, दिवाणजी?”
“ऐकलं.”
“कसं हाय?”
“ढोल अजून मोठा पाहिजे होता.”
तो मान वळवून हसला. रवा ठेवला.
लाभ, तो म्हणाला,
आणि माझं पेन कडत्याच्या रकान्यावर आलं,
काठी हवेत थांबते तेवढं थांबलं.
मग लिहिलं. नोकरी आहे.

रविवारी गोदाम पुन्हा भरलेलं असेल.
पोरांना निरोप दिलाय,
मुंगळ्यांची पावडर टाकून ठेवतो.