घडी

एक नोव्हेंबर. बेळगावात आज दोन मिरवणुका.
सकाळी काळी: सायकली, दंडाला फीत,
तिच्यात माझा मेव्हणा बस्त्याव, घसा आत्ताच बसलेला.
दुपारनंतर लाल-पिवळी, डीजे, ट्रॅक्टर,
तिच्यात माझ्याच पोराची अख्खी शाळा.
आणि कॅलेंडरच्या त्याच चौकोनात, बारीक अक्षरात,
सकल संतांचा सण.

मी स्कूटरवर. पायाशी पिशवी,
पिशवीत आईनं रात्री इस्त्री केलेली वेदीची वस्त्रं.
एकतीस वर्षं ती हे करते,
गुडघे गेल्यापासून पोचवायचं काम माझ्याकडं.
उद्यमबागेत मी साचे भरतो, वाळूचे,
नखांत काळं असतंच,
म्हणून पिशवीची गाठ ती स्वतः मारते.
"उघडू नकोस. आत नऊ घरं हायत."

नऊ घरं म्हणजे कोर्पोराल,
ओस्ती ठेवतात तो पांढरा चौकोन.
उभ्या तीन घड्या, आडव्या तीन, सगळ्या आतल्या बाजूला,
कण सांडलाच तर घडीत राहावा.
देव एवढा बारीक होतो, ती म्हणते,
की केरसुणीनं ढकलला तर जाईल.
आपण जपायचं.

गोगटे सर्कलला बॅरिकेड.
"ब्यागिन्याग एनैती?"
"अरिवी, सर."
"एंथा अरिवी?"
आता काय सांगू.
मला मराठीत भांडता येतं, कोंकणीत रडता येतं,
कन्नडमध्ये फक्त पत्ता सांगता येतो आणि माफी मागता येते.
"चर्चिंदु," म्हणालो.

हवालदार नुकताच द्रोणातलं उप्पीट खाऊन उठलेला.
त्यानं गाठ सोडली. नऊ घरं वाऱ्यावर उघडली.
आत ना काळी फीत, ना बाटली, ना झेंडा.
मधोमध मुंगीएवढा लाल दोऱ्याचा क्रूस.
तो जरा वेळ बघत राहिला,
मग त्यानं घडी घातली, टॉवेलाची घालतात तशी, चौघडी.
"होगरी."
आणि कोपऱ्यावर त्याचा अंगठा. पिवळा.

मिस्सेत फादर इनासनी वस्त्र उघडलं,
घडी चुकलेली हाताला कळली, थांबले.
मग तळव्यानं सारखं केलं
आणि डागावरच थाळी ठेवली.

नंतर रांग. फादर तोंडं बघून जीभ बदलतात.
ख्रिस्ताचे शरीर, पुढच्या म्हातारीला क्रिस्ताची कूड,
कॅम्पातल्या नर्सला क्रिस्तर शरीर.
उत्तर सगळ्यांचं एकच,
आणि ते कुठल्या लिपीत लिहावं यावर
अजून तरी मोर्चा निघालेला नाही.

तिथं त्या कापडावर नक्की काय होतं, मला माहीत नाही.
एवढं माहीत आहे की लोखंड ओतलं की साचा लगेच उघडायचा नसतो.
आत काहीतरी ठरत असतं.
घाई केलेल्यानं काम नासवलेलं मी पाहिलंय.
म्हणून मी हात पुढं केले,
काळी नखं झाकली नाहीत.

संध्याकाळी आईनं पहिलं पाणी, साबणाशिवायचं,
कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं. ते गटारात जाऊ देत नाही ती.
मग साबण लावला, आणि पिवळा डाग
तिच्या बोटांखाली लाल झाला.
"कुणाचा?"
"पोलिसाचा."
"नाव?"
"छातीवर होतं, कन्नडात. जोडून जोडून वाचलं. शिवलिंगप्पा."
"खाऊन हात पुसत न्हाई होय हा शिवलिंगाप?"

रात्री तेर्स लांबला. उद्या मेलेल्यांचा दिवस,
नातालीन आजीपासून सगळी नावं आली.
त्यांच्यानंतर, जिवंतांत, ती म्हणाली, शिवलिंगाप.
आम्ही नेहमीसारखंच उत्तर दिलं.
बाहेर डीजेनं खिडकीची काच थरथरत होती,
बस्त्याव मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होता.

हळद साबणानं जात नाही, उन्हानं जाते.
दोन दिवस कापड दोरीवर होतं.
तिसऱ्या दिवशी तिनं नऊ घरं घातली.
डाग नव्हता.
किंवा असेल.
तिनं चष्मा काढून ठेवला होता.