दाबून बघणं

वांगं घ्यायचं तर आधी देठ बघावा,
काटे टोचले पाहिजेत.
न टोचणारं वांगं कालचं,
आणि कालचं वांगं साठ ताटांत गेलं
की रात्री साठ फोन जातात साठ आयांना.
मेस चालवणं म्हणजे एवढंच.

म्हणून उजाडायच्या आत मी गंजगोलाईत.
चांगुणाबाईच्या भेंडीचा शेंडा कट्कन मोडतो,
पण दोन मोडल्या की तिसरीला ती मनगट धरते,
"बाई, समद्याच मोडून बघतीस, मग म्या इकू काय?"
शेपू तिच्याकडं ओला असतो.
दवानं नाही, मगाच्या बादलीनं.
दोघींनाही ठाऊक आहे. दोघी दवाबद्दलच बोलतो.
रयतू बाजारात पोकळा स्वस्त,
मुळांना मुरूडची काळी माती अजून चिकटलेली,
पाव किलोत छटाकभर तीच.

वहीत लिहून ठेवते :
टमाटे, बार्शी रोड, चाळीस, चकचकीत, आतून पांढरे.
टमाटे, गोलाई, तीस, तडकलेले, आमटीला एक नंबर.
दोडका मंगळवारी कडू निघाला.
पोरं काही बोलली नाहीत, त्याचंच वाईट वाटलं.

मटणाचं वेगळं.
मुजीबभाई टांगलेल्या बोकडाची शेपटी तशीच ठेवतो,
मेंढरू नाही, एवढी साक्ष.
मी मांडीवर बोट दाबते.
खळगा लगेच भरून आला तर तोलायला सांगते.
चरबी पांढरी हवी. पिवळी म्हणजे वय.
एकदा तोच म्हणाला, सुरी पुसता पुसता,
"आपा, आज मत लेव. पोरांना चावणार नाही."
त्या रविवारी अंडी केली
आणि वहीत त्याच्या नावापुढं एक टिंब दिलं.
टिंबाचा अर्थ माझा मलाच.

मागच्या महिन्यात औसा रोडला काचेचं दुकान उघडलं.
आत गारठा. वांगी सगळी एका मापाची,
काटे झडलेली, फोटोला बसवल्यासारखी.
मटण प्लॅस्टिकमध्ये, वर चिठ्ठी.
बोट दाबलं तर प्लॅस्टिकच दबतं,
आणि प्लॅस्टिक काय, नेहमीच लगेच वर येतं.

काउंटरमागं टोपीतला पोरगा.
शिवकांत. जळकोटचा.
दोन वर्षं जेवला माझ्याकडं, कोपऱ्यातल्या टेबलावर,
जीवशास्त्राचं पुस्तक तांब्याला टेकवून.
डॉक्टरकीची परीक्षा दोनदा दिली.
मग एक दिवस मेसचे पैसे पै न पै चुकते केले,
डबा घासून ठेवला आणि गेला.
"काकू," म्हणाला. मग लगेच, "मॅडम."
वर कॅमेरा होता.

मी विचारलं, कधीचं आहे रे?
त्यानं चिठ्ठी वाचली : तारीख, वजन, भाव, तापमान,
तोंडी परीक्षेसारखी, एकही चूक नाही.
आणि वाचता वाचता
पाकिटावर आडवा हात धरला,
जसा तो ताटावर धरायचा
मी तिसरी भाकरी घेऊन आले की.
बास, काकू.

तेव्हा मी कधी ऐकायची नाही,
बोटांच्या फटीतून वाढायची.
आज ऐकलं.

रिकाम्या हातानं निघणं बरं दिसेना,
म्हणून कोथिंबिरीची जुडी घेतली. वीस रुपये.
गोलाईत सात.
रिक्षात नाकाशी धरून पाहिली, वासच नव्हता.

रात्री वही काढली.
औसा रोड, मटण, असं लिहून पुढं टिंब दिलं.
मग वाटलं, हे टिंब दुकानाच्या नावावर जाईल.
खोडलं.
खाली लिहिलं : शिवकांत, बुधवारी डबा.
भाकऱ्या चार.
विचारायचं नाही.